बंदर वाचवण्यासाठी बंधारा

उल्हास नदीवर बदलापूरला बॅरेज आहे. बदलापूर-अंबरनाथसाठी तेथून पाणी उचलले जाते. बॅरेज म्हणजे ओळीने दरवाजे बसवलेला बुटका बंधारा. धरणासारखा मोठा साठा तो करत नाही. पाण्याची पातळी थोडी चढवतो, म्हणजे पाणी उपसायला किंवा कालव्यात वळवायला सोपे जाते.

याच नदीवर आणखी खाली कल्याण आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात 'कॅलिएना' म्हणून त्याचा उल्लेख येतो. आज तेथे खाडी आहे, पण बंदर म्हणून कोणी कल्याणचे नाव घेत नाही. बंदर गेले तसा व्यापार दुसरीकडे गेला. कोलकात्याच्या बाबतीत मात्र इतक्या सहजासहजी हार मानायची कोणाची तयारी नव्हती.

कोलकाता हुगळीवर आहे, समुद्रापासून बरेच आत. भरतीचे पाणी जोराने आणि थोड्या वेळात वर चढते, येताना गाळ आणते. ओहोटी सावकाश उतरते, त्यामुळे तो सगळा गाळ परत जात नाही. पावसाळ्यात वरून येणारे पाणी तो ढकलून देई. पण हुगळीचा वरचा प्रवाह, म्हणजे भागीरथी, वर्षाचे बरेच महिने गंगेपासून तुटलेलीच असे. तेव्हा गंगेला बंधारा घालून तिचे पाणी भागीरथीत वळवावे, असे आर्थर कॉटन यांनी १८५३ मध्येच सुचवले होते. १९५७ मध्ये जर्मन तज्ज्ञ वॉल्टर हेन्सेन यांनीही हाच उपाय सांगितला. १९६१ मध्ये फराक्क्याचे काम सुरू झाले.

विरोध घरातूनच झाला. कपिल भट्टाचार्य हे पश्चिम बंगालच्या पाटबंधारे खात्यातले अभियंता. त्यांचे म्हणणे असे, की हुगळीचे मुख धुऊन काढणारे पूर दामोदर आणि रूपनारायणचे होते. दामोदरवर धरणे बांधून ते आपणच अडवले. आता उन्हाळ्यात गंगेतून हवे तेवढे पाणी मिळणार नाही. उलट बंधाऱ्यामागे गाळ साचेल, काठ ढासळतील, बिहारमध्ये पूर वाढतील. पाकिस्तानशी तंटा होईल तो वेगळाच. यावर त्यांना पाकिस्तानचा हस्तक म्हटले गेले. हा काही गाळाच्या प्रश्नाला दिलेला जवाब नव्हता.

बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला. लांबी सुमारे सव्वादोन किलोमीटर, दरवाजे १०९, आणि ३८ किलोमीटरचा कालवा. कालव्यातून ४०,००० क्युसेक पाणी सोडायचे होते. (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट.) १९७७ मध्ये बांगलादेशाशी करार झाला, त्यातले आकडे वर्गात फळ्यावर मांडून पाहा. एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत फराक्क्याला गंगेत ५५,००० क्युसेक पाणी धरले होते. त्यातले बांगलादेशाला ३४,५००, भारताला २०,५००. म्हणजे ज्या दिवसांत हुगळीला पाण्याची सर्वांत जास्त गरज, नेमके त्याच दिवसांत ठरवल्याच्या जेमतेम निम्मे. सगळे ४०,००० घ्यायचे म्हटले, तर खालच्या देशाला १५,००० उरतात! १९९६ मध्ये तीस वर्षांचा नवा करार झाला, पण नदीतले पाणी कराराने वाढत नाही.

भट्टाचार्यांच्या विरोधकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. गोडे पाणी आल्याने हुगळीचा खारेपणा उतरला, कोलकात्याच्या पिण्याच्या पाण्याला त्याचा फायदा झाला. बंदराचे तसे झाले नाही. गाळ उपसणारी ड्रेजर जहाजे काही थांबली नाहीत. मोठ्या जहाजांसाठी समुद्राजवळ हल्दियाला गोदी बांधावी लागली, ती १९७७ मध्ये सुरू झाली, म्हणजे बंधाऱ्यानंतर दोनच वर्षांनी.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गाळ साचला आणि गंगा डाव्या काठाकडे सरकू लागली. तो काठ मालदा जिल्ह्याचा. पंचानंदपूरसारखी गावे नदीत गेली. पलीकडे झारखंडच्या बाजूला त्याच गाळाची नवी बेटे वर आली. तेथे राहायला गेलेल्यांना आपण कोणत्या राज्याचे, हेच सिद्ध करावे लागले.