कांद्यातील क्वेर्सेटिन आणि ॲलर्जी : समज आणि वास्तव

नाशिक : लासलगावच्या बाजार समितीत लाल कांद्याचे ढीग ओतले जातात, तेव्हा वाऱ्यावर उडणाऱ्या सालींचा तांबूस-पिवळा रंग साऱ्यांच्या परिचयाचा असतो. हा रंग ज्या रसायनांमुळे येतो, ती 'फ्लेव्होनॉइड' या वनस्पतिजन्य संयुगांच्या कुटुंबातील आहेत. लाल छटा अँथोसायनिनची, तर पिवळी क्वेर्सेटिनची. यांपैकी क्वेर्सेटिन ॲलर्जीवर उपयोगी पडते, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. या म्हणण्यात तथ्य किती, हे समजण्यासाठी ॲलर्जी नेमकी कशी होते हे पाहावे लागते.

मास्ट पेशींचे काम

नाक, श्वासनलिका, त्वचा आणि आतडे यांच्या अस्तरात मास्ट पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी 1870च्या दशकात त्यांचे वर्णन केले. या पेशी सूक्ष्म कणिकांनी भरलेल्या असतात व त्या कणिकांत हिस्टामिन असते, हे 1953 मध्ये रायली आणि वेस्ट यांनी दाखवून दिले. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या शरीरात परागकण किंवा धुळीतील किडे यांच्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे तयार होतात आणि मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. तोच परागकण पुन्हा आला, की तो या प्रतिपिंडांना चिकटतो, पेशीत कॅल्शियम शिरते आणि कणिका फुटून हिस्टामिन बाहेर पडते. शिंका, डोळ्यांची खाज, अंगावरील पित्त आणि छातीतील घरघर ही त्याचीच लक्षणे होत. रक्तातील बेसोफिल पेशीही याच पद्धतीने वागतात.

प्रयोगशाळेत काय दिसले?

अमेरिकेतील एलियट मिडलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात बेसोफिल पेशींवर प्रयोग केले. क्वेर्सेटिनमुळे हिस्टामिन बाहेर पडण्याचे प्रमाण कमी होते, असे त्यांना आढळले. पेशीत संदेश पोहोचवणारी विकरे आणि कॅल्शियमचा प्रवेश यांना हे रसायन अडथळा आणते. मानवी मास्ट पेशींवरील 2012 मधील एका अभ्यासात काही बाबतींत ते क्रोमोलिन या प्रचलित औषधापेक्षाही प्रभावी ठरले.

क्रोमोलिनचा इतिहासही वनस्पतीशीच जोडलेला आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरातील खेला या वनस्पतीतील खेलिन या द्रव्यापासून सुरू झालेल्या संशोधनातून 1960च्या दशकात ब्रिटनमध्ये हे औषध तयार झाले. स्वतः दम्याचे रुग्ण असलेल्या डॉ. रॉजर अल्टुन्यान यांनी त्याच्या चाचण्या स्वतःवर घेतल्या होत्या. खेलिन आणि फ्लेव्होनॉइड यांच्या रेणूंच्या रचनेत साम्य आहे.

ताटातील कांदा पुरेसा आहे का?

प्रयोगशाळेतील पेशी आणि माणसाचे शरीर यांत मोठे अंतर आहे. आतड्यातून क्वेर्सेटिन मर्यादित प्रमाणातच शोषले जाते आणि यकृतात त्याचे रूपांतर होते. कांद्यातील क्वेर्सेटिन ग्लुकोज या शर्करेशी जोडलेले असल्याने सफरचंदातील क्वेर्सेटिनपेक्षा चांगले शोषले जाते, एवढे मात्र खरे. शंभर ग्रॅम लाल कांद्यातून साधारणपणे काही दशक मिलिग्रॅम क्वेर्सेटिन मिळते, तर पूरक गोळ्यांत बहुधा 500 मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा असते. पांढऱ्या कांद्यात ते अत्यल्प असते. जपानमध्ये सीडर वृक्षाच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्या मोजक्या रुग्णांवर क्वेर्सेटिनच्या एका सुधारित रूपाची चाचणी झाली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार डोळ्यांच्या तक्रारी कमी झाल्या. परंतु एवढ्या लहान चाचणीवरून उपचार ठरवता येत नाहीत.

स्वयंपाकघरात लक्षात ठेवण्याजोग्या गोष्टी दोन : क्वेर्सेटिन बाहेरच्या पापुद्र्यांत अधिक असते, त्यामुळे कांदा सोलताना गरजेपेक्षा जास्त थर काढू नयेत, आणि उकळल्यास ते पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकून न देता आमटीत वापरावे.

सावधगिरी हवीच

नाशिकच्या द्राक्षांतही फ्लेव्होनॉइड असतात. मात्र म्हणून वाइन हा ॲलर्जीवरचा उपाय ठरत नाही. वाइनमध्ये हिस्टामिन आणि सल्फाइट असू शकतात व त्यांमुळे काहींचा त्रास वाढतो. कांद्याची धूळ सतत नाकात गेल्याने नाक वाहणे आणि दमा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय वाङ्मयात आहेत. सालीवरील काळ्या बुरशीचे बीजाणू हेही त्रासाचे एक कारण असू शकते. त्यामुळे कांद्याची निवड-प्रतवारी करणाऱ्यांनी नाकातोंडावर फडके बांधणे हिताचे आहे.

दम्याच्या रुग्णांनी कांद्याच्या किंवा गोळ्यांच्या भरवशावर इनहेलर बंद करणे जिवावर बेतू शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी क्वेर्सेटिनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. रोजच्या जेवणातील कांदा आहाराचा भाग म्हणून उत्तमच. औषधाची जागा मात्र त्याला देता येणार नाही.