केरेरावरचा गायलन किल्ला आणि एका ब्रूचची गोष्ट (थ्रेड)

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओबान बंदरासमोर केरेरा नावाचे चिमुकले बेट आहे. लांबी जेमतेम सात किलोमीटर. फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे पोहोचवते. पुढे दक्षिण टोकापर्यंत पायपीट, सोबतीला मेंढ्या आणि खारा वारा. गेल्या वर्षी एक अख्खा दिवस मी तिथे काढला.

वाटेत हॉर्सशू बे लागतो. नॉर्वेच्या अमलाखालील हेब्रिडीज बेटे जिंकायला निघालेला राजा दुसरा अलेक्झांडर १२४९ मध्ये याच बेटावर आजाराने वारला. ती बेटे स्कॉटलंडला मिळाली १२६६ च्या पर्थच्या तहाने, तीही पैसे मोजून. असो, तो स्वतंत्र थ्रेडचा विषय.

आणि मग अचानक, समुद्रात घुसलेल्या कड्यावर, गायलन दिसतो. मॅकडूगल घराण्याने १५८२ मध्ये बांधलेला हा चार मजली मनोरा. छप्पर नाही, तरी प्रवेशद्वारावरची कोरीव गवाक्ष-खिडकी अजून शाबूत आहे. एवढ्या निर्जन कड्यावर इतकी नक्षी कोणासाठी, असा प्रश्न पडतो.

वास्तू नांदती राहिली अवघी ६५ वर्षे. १६४७ मध्ये यादवी युद्धात जनरल लेस्लीच्या कव्हेनंटर फौजेने ती जाळली आणि लुटीत ‘ब्रूच ऑफ लॉर्न’ गेला. घराण्याची श्रद्धा अशी, की १३०६ मध्ये डालरीच्या लढाईत रॉबर्ट ब्रूसच्या अंगरख्यावरून पूर्वजांनी तो हिसकावला होता. मध्यभागी स्फटिक असलेला हा दागिना मात्र घडणीवरून सोळाव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. म्हणजे ब्रूसच्या खांद्यावर तो असणे कठीणच.

गंमत पाहा: १८१५ मध्ये वॉल्टर स्कॉटने आपल्या काव्यात या ब्रूचला अजरामर केले, तेव्हा तो मुकाट्याने एका कॅम्पबेल कुटुंबाच्या घरात पडून होता. पुढे दहाएक वर्षांनी एका कॅम्पबेलनेच तो मॅकडूगलांना परत केला.

ब्रूसची कथा खोडून काढणे सोपे आहे. आम्हा विद्यार्थ्यांना त्यात आनंदही होतो. पण त्या काळवंडलेल्या भिंतींत उभा असताना मला वाटले, की मॅकडूगलांनी पावणेदोनशे वर्षे जपलेली हानी मात्र खरी होती. लूट, आग आणि परतफेड या तिन्हींना आधार आहे. संध्याकाळची शेवटची फेरी गाठायची म्हणून उतरलो. मागे वळून पाहिले तर खिडकीतून आकाशच दिसत होते.