पडद्यावरचा प्लेग आणि निंग्बोचा प्लेग

कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला, हे तुम्हांला नव्यानं सांगायला नको. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणात होरपळलेल्यांची सेवा करता करता तिकडेच वारले. चित्रपटात ते प्लेगशी झुंजतात. प्रत्यक्षात ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले अपस्माराच्या झटक्यानं. वय अवघं ३२. तेव्हा तो प्लेग म्हणजे कथेची सोय, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण त्याच युद्धात चीनमध्ये प्लेग खरोखरच आला होता, आणि तो आणला होता डॉक्टरांनी!

प्लेग आपल्याकडेही पुष्कळ राहून गेला आहे. १८९६ साली तो मुंबईत शिरला, मग घाट चढून वर आला. उंदीर पडू लागले की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या घालायच्या, ही तेव्हाची रीत. उंदरांवरच्या पिसवा हा रोग माणसांत आणतात, हे त्या साथींतूनच पक्कं झालं. मुंबईत डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

शिरो इशी या जपानी लष्करी डॉक्टरनं पिसवांचं हेच ज्ञान उलटं फिरवलं. मांचुरियात हार्बिनजवळ पिंगफान इथं त्याची 'तुकडी ७३१' होती. कागदोपत्री नाव मात्र साथप्रतिबंध आणि पाणी-शुद्धीकरणाचं! आत कैद्यांना मुद्दाम रोग टोचत, थंडीत त्यांचे हातपाय गोठवत, जिवंतपणी त्यांची शरीरं चिरून पाहत. कैदी बहुतेक चिनी, काही रशियन व कोरियन. त्यांना म्हणत 'मारुता', म्हणजे लाकडाचे ओंडके. त्या एका केंद्रात निदान ३,००० माणसं मारली गेली, असा अंदाज आहे.

२७ ऑक्टोबर १९४० रोजी निंग्बो शहरावर विमानांतून गहू पडला, आणि गव्हाबरोबर प्लेगच्या पिसवा. शंभरावर माणसं दगावली. साथ आवरेना, तेव्हा कायमिंग रस्त्यालगतची वस्तीच जाळून टाकावी लागली. त्या सुमारास कोटणीस उत्तर चीनमध्ये जखमींवर शस्त्रक्रिया करीत होते. विद्या एकच म्हणायची, दुसरं काय!

ऑगस्ट १९४५ मध्ये पराभव समोर दिसताच उरलेले कैदी ठार करण्यात आले आणि इमारती सुरुंगांनी उडवल्या. इशी फासावर गेला असेल, असं तुम्हांला वाटेल. छे! ज्या टोकिओ खटल्यात आपले राधाबिनोद पाल न्यायाधीश होते, तिथं तो आरोपी म्हणून उभाच राहिला नाही. अमेरिकेला प्रयोगांची टिपणं हवी होती. ती पदरात पाडून घेऊन तिनं इशी आणि त्याच्या साथीदारांना अभय दिलं. त्या क्रौर्याइतकाच हा सौदाही मला घाणेरडा वाटतो. १९४९ च्या डिसेंबरात रशियानं खबारोव्स्क इथं १२ जपान्यांवर खटला चालवून शिक्षा दिल्या. पाश्चात्त्यांनी तो निव्वळ प्रचार ठरवला. इशी १९५९ साली घशाच्या कर्करोगानं मेला, मोकळा माणूस म्हणून.

पुढं चिनी वारसांनी जपानात दावा लावला. २००२ साली टोकिओच्या न्यायालयानं जपानी सैन्यानं जंतुयुद्ध केलं हे मान्य केलं, आणि नुकसानभरपाई मात्र नाकारली.