आयगेन म्हणजे कोण?



'आयगेनव्हॅल्यू' आपल्यापैकी बहुतेकांनी इंजिनिअरिंगला गणिताच्या पेपरसाठी घोकली असेल. डिटरमिनंट बरोबर शून्य, लॅम्डा काढा, मार्क खिशात! लाप्लास, फूरिये यांच्या रांगेत आयगेन हाही कुणीतरी गणिती असावा, अशी पुष्कळांची समजूत असते. (मानफ्रेड आयगेन नावाचे शास्त्रज्ञ खरंच होऊन गेले, तेही ग्योटिंगेनचे. १९६७ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांना. पण त्यांचा इथे काही संबंध नाही.)

जर्मनीत आलं की हा शब्द पावलोपावली भेटतो. आयगेनटुम्सवोनुंग म्हणजे मालकीचा फ्लॅट. घरमालकाने 'आयगेनबेडार्फ' लिहून पत्र धाडलं की समजायचं, त्याला घर स्वतःसाठी हवंय, आपण बोचकं बांधायचं. आयगेन म्हणजे स्वतःचं, अंगचं. मॅट्रिक्सने गुणलं की बहुतेक व्हेक्टर दिशा बदलतात, पण काही मोजके आपली रेघ सोडत नाहीत, फक्त लांब-आखूड होतात. किती पट, तो आकडा त्या मॅट्रिक्सचा अंगचा. म्हणून 'आयगेनवेर्ट'.

गणितात हा शब्द रूढ केला ग्योटिंगेनच्या डेव्हिड हिल्बर्टने, १९०४च्या लेखात. १९२६ साली श्रोडिंगरने आपल्या गाजलेल्या लेखाच्या शीर्षकातच तो घातला आणि क्वांटम मेकॅनिक्सबरोबर शब्द इंग्रजीत शिरला, तोही अर्धाच भाषांतरित होऊन. 'वेर्ट'चं 'व्हॅल्यू' झालं, 'आयगेन' तसंच राहिलं.

पुढचं वाचून वाईट वाटतं. एप्रिल १९३३ मध्ये नाझी सरकारने रिचर्ड कूराँ, एमी नोएथर, माक्स बोर्न अशा ज्यू प्राध्यापकांना ग्योटिंगेनमधून दूर केलं. नोएथर आणि कूराँ अमेरिकेला गेले. बोर्न तर १९३५-३६च्या हिवाळ्यात बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्याकडे होते. शब्द जगभर चालू राहिला, ज्या गावाने तो दिला तिथला गणित विभाग मात्र काही महिन्यांत ओसाड झाला. कूराँ आणि हिल्बर्ट यांचा १९२४चा जर्मन ग्रंथ १९५३ मध्ये इंग्रजीत आला, तो न्यूयॉर्कहून.

इंग्रजीत सगळ्यांना हे धेडगुजरी रूप पटलं नव्हतं. पॉल हाल्मोस वर्षानुवर्षं 'प्रॉपर व्हॅल्यू'साठी भांडला आणि १९६७च्या पुस्तकात त्याने चक्क शस्त्रं खाली ठेवली.

मराठीत मला 'निजमूल्य' आवडलं असतं. 'निज' म्हणजे नेमकं आयगेन, आणि जोडशब्दही पुरता आपलाच. पण हाल्मोसची गत पाहता, आमचं कोण ऐकतंय!