पूर्वनियती व मानवी जबाबदारी

कोणाचे तारण व्हायचे हे देवाने जगाच्या उत्पत्तीपूर्वीच ठरवले आहे, असे मानणारे ख्रिस्ती मत. रोमकरांस व इफिसकरांस लिहिलेली पौलाची पत्रे हा त्याचा मुख्य आधार. मग माणसाला ‘पश्चात्ताप कर’ असे सांगायचे कशाला, आणि त्याने तो केला नाही तर दोष कोणाचा, हा वाद इथूनच सुरू होतो. मराठी वाचकाला प्रारब्ध आठवेल. पण प्रारब्ध हे पूर्वकर्माचे फळ, तर ही निवड कर्म न पाहता निव्वळ कृपेने झालेली.

पाचव्या शतकात, माणूस स्वबळावर निष्पाप जगू शकतो असे म्हणणाऱ्या पेलाजियसच्या विरोधात धर्मपंडित ऑगस्टीनने कृपेची बाजू मांडली. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनने ती आणखी कडक केली. वाद पेटला तो मात्र हॉलंडमध्ये. लायडनचे प्राध्यापक याकोबुस आर्मिनियस म्हणत, की कोण विश्वास ठेवील हे देव आधीच जाणतो व त्यानुसार निवडतो. कृपा नाकारणेही माणसाच्या हाती असते. त्यांचेच सहकारी गोमारुस यांना हे मुळीच मान्य नव्हते. आर्मिनियस १६०९ मध्ये वारले. पुढच्या वर्षी अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन काढले. डॉर्ड्रेख्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) ते फेटाळले. यात राजकारणही होतेच. आर्मिनियसपंथीयांचे पाठीराखे, सत्तरी ओलांडलेले मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट यांचा मे १६१९ मध्ये शिरच्छेद झाला. त्याच बाजूचे, जन्मठेप झालेले कायदेपंडित ग्रोशियस १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यातून निसटले.

तरीही अविश्वासाचा दोष देवाकडे नाही, माणसाकडेच आहे, आणि सुवार्ता सर्वांना सांगितलीच पाहिजे, असे डॉर्ड्रेख्टच्या याच सभेच्या निर्णयांत स्पष्ट नमूद आहे. त्यामुळे कॅल्व्हिनपंथाला हातावर हात ठेवून बसण्याची शिकवण म्हणणे अन्यायाचे ठरते. इंग्लंडमधील काही बॅप्टिस्टांनी मात्र तो अर्थ खरोखरच काढला होता: देव ज्याला निवडील तो आपसूक येईल, इतरांना विश्वासाचे आवाहन कशाला करायचे? अँड्र्यू फुलर यांनी १७८५ मध्ये ग्रंथ लिहून हे खोडून काढले. त्यांचे स्नेही विल्यम केरी यांनी १७९२ च्या पुस्तिकेत परदेशी धर्मप्रसार हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच असल्याचे मांडले. केरी स्वतः पूर्वनियती मानणारे. पुढच्याच वर्षी ते बंगालमध्ये आले; मराठीचे व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) त्यांनी तिथूनच प्रसिद्ध केले.