पौंडामागे दोन पेन्स : ब्लॅकपूलची जाहिरातपट्टी

प्रवाशांवर ज्याचा चरितार्थ चालतो अशा लहान शहरापुढे एक प्रश्न नेहमीच उभा असतो : शहराची कीर्ती बाहेरगावी पोहोचविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा ? प्रवासी आला की खाणावळवाल्यापासून गाडीवानापर्यंत सर्वांचेच चार पैसे होतात. आणि लाभ सर्वांचा असल्यामुळेच खर्च दुसऱ्याने करावा असे प्रत्येकास वाटते. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूल या शहराने 1879 मध्ये या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ब्लॅकपूलला 1846 मध्ये रेल्वे पोहोचली व लँकेशरमधील गिरणीगावांतील कामगारांना समुद्रकिनारा एका दिवसाच्या टप्प्यात आला. या गावांतील गिरण्या उन्हाळ्यात एकाच वेळी बंद न राहता निरनिराळ्या आठवड्यांत बंद राहत. त्यामुळे ब्लॅकपूलचा हंगाम लांबला. 1863 मध्ये पहिला धक्का समुद्रात बांधला गेला. 1876 मध्ये शहरास स्वतंत्र नगरपालिका मिळाली. तरीही 1881 च्या शिरगणतीत तेथील वस्ती सुमारे 14 हजारच भरली.

1879 च्या सुधारणा कायद्यान्वये पार्लमेंटने या नगरपालिकेस एक असामान्य अधिकार दिला. मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर पौंडामागे दोन पेन्सपर्यंत पट्टी बसवून त्या पैशातून वाद्यवृंद ठेवावा व शहराच्या आकर्षणांची जाहिरात करावी, असा तो अधिकार होता. त्या काळी पौंडाचे 240 पेन्स होत. म्हणजे ही पट्टी करपात्र मूल्याच्या एकशेविसाव्या हिश्श्याहून अधिक नव्हती. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात नगरपालिकेने समुद्रतटावर आठ विद्युत्‌दीप लावले. ते पाहण्यास मोठा जनसमुदाय लोटला. शहराची जाहिरात हे नगरपालिकेचे कर्तव्य मानले जाऊ लागल्याची ही खूण होय.

या व्यवस्थेचे मर्म आपल्या भाषेतील दोन शब्दांच्या भेदातून चांगले उलगडते. ‘वर्गणी’ देणाऱ्याच्या इच्छेवर असते. ‘पट्टी’ गावाने बसविलेली असते व ती चुकविता येत नाही. किनाऱ्यावरील अन्य शहरांत जाहिरातीचे काम बव्हंशी व्यापाऱ्यांच्या वर्गणीवर चाले. हंगाम वाईट गेला की वर्गणी आटे. वस्तुतः जाहिरातीची निकड त्याच वेळी अधिक असते. ब्लॅकपूलमध्ये वर्गणीची पट्टी झाली. शहर वाढले, इमारतींचे मूल्य वाढले की पट्टीचे उत्पन्नही, दर न वाढविता, आपोआप वाढे. 1901 पर्यंत वस्ती सुमारे 47 हजारांवर गेली होती. हा निधी किती वेगाने वाढला असेल, याची कल्पना यावरून येते.

आपल्याकडे पंढरपूरसारख्या क्षेत्री नगरपालिका यात्राकर घेत असे. तो येणाऱ्याकडून घेतला जाई व त्याचे समर्थन यात्रेच्या काळातील स्वच्छता व आरोग्य यांच्या खर्चावरून केले जाई. ब्लॅकपूलची पट्टी पडे ती राहणाऱ्यावर. म्हणून जाहिरातीचा जाब विचारण्याचा अधिकारही राहणाऱ्याकडेच आला. तथापि येथेच एक अन्यायही संभवतो. ज्याचा प्रवाशांशी काडीचा संबंध नाही, ज्याला गर्दीचा उपद्रवच होतो, अशा गृहस्थासही ही पट्टी भरावी लागे. नगरपालिकेच्या बाजूने याचे उत्तर अंशतः तिच्या इतर उद्योगांत सापडते. 1885 मध्ये ब्लॅकपूलला विजेची ट्राम सुरू झाली व 1892 मध्ये ती नगरपालिकेच्या हाती आली. मग प्रवाशाने ट्रामला दिलेले भाडे शहराच्याच तिजोरीत जमा होऊ लागले.

1912 मध्ये राजकन्या लुईझ हिच्या भेटीनिमित्त समुद्रतटावर सुमारे दहा हजार दिवे लावण्यात आले. त्यांचा प्रभाव पाहून व्यापाऱ्यांनी हंगामाच्या अखेरीस ते पुन्हा लावण्याचा आग्रह धरला. प्रवासी परतू लागतात त्या सप्टेंबरात दिवे लावून हंगामच पुढे ढकलावयाचा, हा त्यातील हेतू होता. 1914 च्या महायुद्धाने खंडित झालेली ही रोषणाई 1925 मध्ये, व दुसऱ्या महायुद्धानंतर 1949 मध्ये, पुनश्च सुरू झाली. आजही तिचा भार प्रामुख्याने नगरपालिका वाहते आणि प्रेक्षकांकडून ऐच्छिक देणगी मागते. पट्टीच्या जोडीस वर्गणी परत आली ती अशी, आणि या वेळी पाहुण्याकडून.

इंग्लंडमधील इतर विश्रामनगरांना जाहिरातीवर खर्च करण्याची सर्वसाधारण मुभा 1921 च्या कायद्याने मिळाली. तीही जपूनच : स्नानव्यवस्था, खुर्च्या यांसारख्या पालिकेच्या उद्योगांतील नफ्यातून, आणि पौंडामागे एका पेनीच्या पट्टीइतक्या मर्यादेत. ब्लॅकपूलने त्यापूर्वी बेचाळीस वर्षे सर्व करदात्यांच्या पट्टीतून जाहिरात केली होती. या शहराच्या उत्कर्षाचे श्रेय केवळ दोन पेन्सांना देणे इतिहासास धरून होणार नाही; रेल्वे, गिरण्यांच्या सुट्या व स्थानिकांचे भांडवल यांचा वाटा त्यात मोठा आहे. परंतु पाहुण्याला आमंत्रण धाडणे हे सर्व गावाचे काम मानले, तर त्या आमंत्रणाचा खर्च आणि त्यावरील हुकमत ही दोन्ही गावाकडेच राहतात, एवढे तत्त्व या लहानशा पट्टीच्या इतिहासातून निश्चित निघते.