आंधळगावाहून विक्रांतवर

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आमचे आंधळगाव कोशाच्या वस्त्रांसाठी ओळखले जाते. ऐनाच्या झाडांवर धिवरांनी कोसा जोपासावा, त्याचे सूत घरोघरी निघावे आणि कोष्ट्यांच्या मागावर त्याची करवतकाठी लुगडी व्हावीत, असा या मुलखाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. ज्या धिवरांचा मूळ व्यवसाय डोंगा आणि जाळे, त्यांच्याच हाती कोशाची जोपासना असावी, या योगायोगात पाणी आणि वस्त्र यांचे एक जुने नाते आहे. एरवी आमच्याकडील नौकाविद्या म्हणजे तळ्यातला आणि वैनगंगेतला डोंगा. समुद्र पाहावयाचा तर आगगाडीने नऊशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला मुंबईपर्यंत जावे लागते, आणि तो न पाहताच आयुष्य घालविलेली माणसे आमच्या गावात आजही पुष्कळ आहेत.

तथापि समुद्राशी आमचा संबंधच नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. आमचा प्रदेश ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता, त्या राज्याला 1751 पासून ओरिसाचा किनारा लाभला होता. कटकचा सुभा आणि बालेश्वरचे बंदर नागपूरच्या अमलाखाली होते, आणि बंगालच्या उपसागराच्या लाटा अर्धशतकभर मराठी अमलाच्या भूमीवर फुटत होत्या. त्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी कोकणात आंग्र्यांनी उभारले तसे आरमार नागपूर दरबाराने कधी उभारले नाही. ऑक्टोबर 1803 मध्ये कटकचा बाराबती किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि त्याच वर्षीच्या 17 डिसेंबरला देवगावच्या तहनाम्याने कटक बालेश्वरासह कंपनी सरकारकडे गेले. ज्याला आरमार नाही त्याचा किनारा परक्याच्या मर्जीवर असतो, हे पश्चिम किनाऱ्यावर शिवछत्रपतींनी दीडशे वर्षे आधीच ओळखले होते. नागपूर दरबाराला ते ओळखता आले नाही, आणि त्याची किंमत एका तहनाम्यात चुकती झाली. वैनगंगेचे पाणी मात्र वर्धेला मिळून, प्राणहिता होऊन आणि गोदावरीत शिरून त्याच उपसागराला जात राहिले.

हे सारे मनात घेऊनच मी भारतीय नौदलाची जुनी विमानवाहू नौका विक्रांत पाहावयास गेलो होतो. ती नौका मुंबईला संग्रहालय म्हणून उभी होती त्या वर्षांतला एक हिवाळा होता, आणि माझ्यासोबत आमच्या आळीतले एक वयोवृद्ध विणकर होते, ज्यांना आम्ही सारे आजोबा म्हणत असू. तुमसर रोडच्या फलाटावरून निघालेले आम्ही दुसऱ्या दिवशी त्या करड्या पोलादी भिंतीखाली उभे राहिलो, तेव्हा आजोबांनी मान वर करून पुष्कळ वेळ पाहिले, आणि शेजारच्या नौसैनिकाला आमच्या बोलीत विचारले, “येवढं लोखंड पान्यावर रायते कसं जी?” नौसैनिक मराठी मुलखातला होता, त्याने न हसता सांगितले, की नौका आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि सारलेले पाणी तिला उचलून धरते. आजोबांनी मान हलविली. डोंग्यात जास्त माणसे चढली म्हणजे त्याचा काठ पाण्याजवळ येतो, हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते.

विक्रांतचा जन्म मात्र आपल्या किनाऱ्यावरचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत, ऑक्टोबर 1943 मध्ये, ब्रिटिश आरमारासाठी हर्क्युलिस या नावाने तिची बांधणी सुरू झाली. सप्टेंबर 1945 मध्ये ती पाण्यात उतरली तेव्हा युद्ध संपले होते, आणि पुढल्याच वर्षी तिचे काम अर्धवट थांबविण्यात आले. दहा वर्षे पडून राहिलेले ते अपुरे कलेवर स्वतंत्र भारताने 1957 मध्ये विकत घेतले, बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ या कारखान्यात ते पूर्ण करविले, आणि 4 मार्च 1961 रोजी लंडनमधील आपल्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत विक्रांत हे नाव धारण करून ती भारतीय नौदलात दाखल झाली. त्याच वर्षीच्या 18 मे रोजी तिच्या फलाटावर पहिले जेट विमान उतरविणारे लेफ्टनंट ताहिलियानी पुढे नौदलाचे प्रमुख झाले. नोव्हेंबरात ती मुंबईस आली.

सातशे फूट लांबीच्या त्या उड्डाणफलाटावर उभे राहिल्यावर तिच्या कार्याची अद्भुतता कळते. पुढच्या टोकाचा वर उचललेला उतार सी हॅरियर विमानांसाठी उत्तरकाळी बांधलेला. त्याआधी वाफेच्या दाबाने विमान पुढे फेकणारी यंत्रणा तेथे होती. विमानाने परत यावयाचे तर फलाटावर आडव्या ताणलेल्या जाड तारांपैकी एकीत त्याच्या शेपटीखालचा आकडा अडकावा लागे, म्हणजे वेगाने आलेले विमान थोडक्या अंतरात थांबे. नौसैनिक हे समजावून सांगत असता आजोबांनी खाली वाकून हाताने अंतर मोजल्यासारखे केले, आणि म्हणाले की हा तर आडवा बाणा आहे, याचा ताण बिघडला की सारे बिघडले. मला वाटते, विक्रांतचे वर्णन याहून नेमक्या शब्दांत मी कोठे ऐकलेले नाही. खाली, पंख मिटून ठेवलेली सी हॉक आणि अलिझे विमाने पाहताना तर आजोबांना घरट्यातल्या पाखरांचीच आठवण आली.

या नौकेचे खरे चरित्र 1971 चे आहे. 1965 च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी गोदीत होती, आणि तरीही ती बुडविल्याची आवई पाकिस्तानने उठविली. सहा वर्षांनी पुन्हा युद्धाचे ढग जमले तेव्हा तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. पूर्ण वेग तिला झेपणारा नव्हता. वेग कमी म्हणजे फलाटावरून वाहणारा वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे विमानांचे उड्डाण अधिक अवघड. तथापि व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांच्या पूर्व विभागाने तिला घरी न ठेवता अंदमानच्या बेटांत दडवून ठेवले, आणि विशाखापट्टणमला मात्र ती तेथेच असल्याचा देखावा उभा केला: राजपूत या विनाशिकेने विक्रांत असल्याच्या थाटात संदेश पाठविले, बाजारात मोठ्या नौकेला पुरेल एवढ्या शिधासामग्रीची मागणी नोंदविली गेली. तिच्या मागावर आलेली पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी 3 आणि 4 डिसेंबरच्या मध्यरात्री विशाखापट्टणमच्या समुद्रात आपल्या सर्व नाविकांसह बुडाली. त्याच 4 तारखेच्या सकाळी विक्रांतच्या आठ सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढविला. पुढे चितगाव, खुलना आणि मोंगला येथील तळांवर आघात होत राहिले, आणि 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. विक्रांतच्या नौसैनिकांच्या वाट्याला दोन महावीरचक्रे आणि बारा वीरचक्रे आली.

हे घडले ते बंगालच्या उपसागरात. ज्या पाण्याच्या काठी 1803 साली आमच्या नागपूर राज्याला आपला किनारा गमवावा लागला, त्याच पाण्यावर, तडा गेलेल्या बॉयलरच्या नौकेने एका नव्या राष्ट्राच्या जन्मास हातभार लावला, हे त्या फलाटावर उभे राहून मनात आले तेव्हा मी पुष्कळ वेळ काही बोलू शकलो नाही.

31 जानेवारी 1997 रोजी ती सेवानिवृत्त झाली. महाराष्ट्र शासनाने 2001 मध्ये तिचे संग्रहालय केले. परंतु ते संग्रहालय कायमचे असे कधी झालेच नाही. वर्षाकाठी मोजके दिवस उघडे, एरवी बंद, आणि चालविण्यास भागीदार मिळेना. खाऱ्या पाण्यात उभे असलेले लोखंड मात्र कोणाच्या भागीदारीची वाट पाहत नाही, ते गंजत राहते. 2012 मध्ये ती प्रेक्षकांसाठी असुरक्षित ठरून बंद झाली. पुढे तिला वाचविण्यासाठी जनहितयाचिका झाल्या, शासनाने खर्च आपल्या आवाक्यातला नसल्याचे सांगितले, न्यायालयाने याचिका फेटाळल्या, आणि सुमारे साठ कोटी रुपयांच्या लिलावात ती भंगाराच्या भावाने गेली. नोव्हेंबर 2014 मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तिला तोडण्यास प्रारंभ झाला. तिच्या पोलादातील काही मोटारसायकलींच्या टाक्यांत गेले.

माझे मत मी स्पष्टच नोंदवितो: हे घडावयास नको होते. विशाखापट्टणमने 1971 च्याच युद्धातली कुरसुरा ही पाणबुडी किनाऱ्यावर ओढून घेऊन 2002 मध्ये संग्रहालय केली, आणि तेथे आजही लहान मुले तिच्या पोटात शिरून बाहेर येतात. विक्रांत कितीतरी पटीने मोठी होती आणि तिला किनाऱ्यावर ओढणे अशक्य, हे मान्य. परंतु समुद्रावर ज्यांचे पोट नाही अशा आंधळगावसारख्या गावांचाही त्या नौकेवर हक्क होता, आणि तो जमाखर्चाच्या दफ्तरात कोठेच मांडला गेला नाही. गावातले जुने माग गेल्या काही वर्षांत भिंतीशी उभे केले जात आहेत, काही जळणात गेले. म्हणून मला ही वेदना परकी वाटत नाही. हाताला माहीत असलेली विद्या वस्तूत साठलेली असते, आणि वस्तू गेली की ती विद्या सांगावयास केवळ कागद उरतो.

आजोबा आता हयात नाहीत. मुंबईत नौदलाच्या लायन गेटजवळ विक्रांतच्या पोलादातून घडविलेले एक शिल्प जानेवारी 2016 पासून उभे आहे. गावातून मुंबईस जाणाऱ्या प्रत्येकाला मी ते पाहून येण्यास सांगतो, आणि आपणही पाहावे अशी विनंती आहे. कोची येथे बांधलेली, विक्रांत हेच नाव धारण करणारी नवी नौका 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झाली, आणि मार्च 2023 मध्ये सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या नौदलाच्या उपप्रमुखांनी जुन्या विक्रांतची मूळ घंटा तिच्या स्वाधीन केली.